लसूण आणि विस्तव

मराठी भाषेंत भाजण्याच्या क्रियेला दोन शेवट आहेत. पदार्थ चांगला भाजला म्हणजे तो खरपूस होतो, आणि भाजण्याची सीमा ओलांडली म्हणजे तो करपतो. या दोन शब्दांमधलें अंतर शेंगदाण्यांच्या बाबतींत मिनिटभराचें असतें, पोळीच्या बाबतींत त्याहून कमी. परंतु लसणीच्या बाबतींत तें इतकें थोडें कीं, दाराशीं आलेल्या पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणेपर्यंत संपून जातें. कढईंतील बदामी पाकळी तेवढ्यांत काळी पडते, खमंग वास जाऊन जळका दर्प सुटतो, आणि चार पाकळ्यांच्या कडवटपणानें पातेलेंभर आमटी बिघडते. ज्या घरांत लसूण शिजते, त्या घरांत हा प्रसंग कधींच आला नाहीं असें सहसा होत नाहीं.

प्रसंग क्षुद्र खरा. पण त्याच्या मागें फार मोठा काळ उभा आहे. लसूण ही मूळची मध्य आशियांतील डोंगराळ मुलखाची वनस्पति. तेथून ती पूर्वेस चीनपर्यंत, दक्षिणेस हिंदुस्थानांत आणि पश्चिमेस ईजिप्त-ग्रीसपर्यंत गेली. ज्या ज्या देशांत ती पोंचली, त्या त्या देशांत तिच्याविषयीं कांहींना कांहीं लिहिलें गेलें. कोणी तिला औषध म्हटलें, कोणी तिला विटाळ म्हटलें, कोणी तिचा हिशेब ठेवला. एक गोष्ट मात्र बहुतेक सर्वांनीं लिहावयाची सोडली: ती विस्तवावर किती वेळ ठेवावी. त्या न लिहिलेल्या गोष्टीचा इतिहास हाच लसणीचा खरा घरगुती इतिहास होय.

अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत बाबिलोनियांतील कांहीं मातीच्या पाट्या आहेत. सुमारें ३७०० वर्षांपूर्वीं कीलाक्षरांत कोरलेल्या या पाट्यांचें वाचन झां बोतेरो या फ्रेंच पंडितानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत केलें, आणि त्या पाककृतींच्या आहेत असें दिसून आलें. जगांतील अतिप्राचीन लिखित पाककृतींत त्यांची गणना होते. त्यांत मांसाचे रस्से आहेत, आणि त्यांत लसूण व तिच्या जातीचे कंद कुटून घालण्याची सूचना पुनःपुन्हां येते. परंतु किती लसूण, किती वेळ, किती आंच, याविषयीं त्या पाट्या जवळजवळ मुक्या आहेत. लिहिणाऱ्यानें जिन्नस नोंदविले. हाताचें ज्ञान हाताकडेच राहिलें.

ईजिप्तची कथाही अशीच आहे. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांत त्या देशांत फिरला. महापिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या मुळ्या, कांदे व लसूण यांवर १६०० टॅलंट चांदी खर्च झाल्याचा लेख पिरॅमिडवर कोरलेला आहे, असें आपणांस दुभाष्यानें वाचून दाखविल्याचें तो सांगतो. दुभाष्याचें वाचन कितपत खरें होतें याविषयीं आजचे विद्वान शंका घेतात. परंतु लसूण ही श्रमकऱ्यांची शिदोरी होती, ही समजूत त्या काळींही रूढ होती एवढें त्यावरून दिसतें. आणि ती केवळ मजुरांपुरती नव्हती. १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यानें तुतानखामेन राजाची कबर उघडली, तिच्यांतील ठेव्यांत वाळलेल्या लसणीचे गड्डेही सांपडले. ज्यानें सोन्याचा मुखवटा घालून परलोकाची वाट धरली, त्याच्याही सोबतीस लसूण होतीच.

हिंदुस्थानांत लसणीच्या वांट्यास जें आलें, तें याहून विलक्षण होतें. येथें एका हातानें तिला अमृत म्हटलें गेलें आणि दुसऱ्या हातानें तिला उंबऱ्याबाहेर ठेवलें गेलें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना वर्ज्य अशा पदार्थांत लसूण, कांदा व भूछत्र यांची नांवें एकत्र आलीं आहेत. पांचव्या शतकाच्या आरंभीं आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो कीं, मध्यदेशांत चांडालांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाहीं. सातव्या शतकांत आलेला ह्युएनत्संग सांगतो कीं, हे पदार्थ खाणारास नगराबाहेर घालवून देतात. बौद्ध संघांतही मनाई होती, पण तिचें कारण निराळें होतें. लसूण खाल्लेला एक भिक्षु वासानें इतरांस त्रास होऊं नये म्हणून धर्मोपदेशाच्या वेळीं दूर बसला; तेव्हां ज्या खाण्यामुळें उपदेशास मुकावें लागतें तें खाऊं नये, असा नियम झाल्याची कथा चुल्लवग्गांत आहे. मात्र सारिपुत्ताच्या पोटांत वायु धरला तेव्हां औषध म्हणून लसूण घेण्यास परवानगी मिळाली, हेंही तेथेंच नमूद आहे. भिक्षुणींच्या नियमांत लसणीचा निषेध आहे, त्यामागची कथा तर एखाद्या गांवच्या कज्ज्यासारखी आहे. एका उपासकानें प्रत्येक भिक्षुणीस दोन-तीन गड्डे घेऊन जाण्यास सांगितलें होतें. थुल्लनंदा नांवाच्या भिक्षुणीनें शेतांत जाऊन वाजवीहून फार अधिक लसूण उपटून नेली, आणि तिच्या हांवेपायीं साऱ्यांनाच मनाई झाली.

या निषेधाच्या उलट बाजूस वैद्यांचा पक्ष होता. १८९० सालीं हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लेफ्टनंटानें चिनी तुर्कस्तानांतील कुचा या गांवीं एक जुनें भूर्जपत्रांचें पुस्तक विकत घेतलें. तें कलकत्त्यास पोंचलें, तेथें रुडॉल्फ हर्नले या पंडितानें त्याचें वाचन केलें, आणि १८९३ ते १९१२ या काळांत तें छापून प्रसिद्ध झालें. आज तें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. गुप्तकालीन लिपींत लिहिलेलें हें संस्कृत पुस्तक चौथ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यानचें मानतात. त्याचा पहिलाच विषय लसूण आहे. त्यांत काशिराज सुश्रुतास सांगतो कीं, अमृत प्यालेल्या असुराचा कंठ विष्णूनें छेदला, तेव्हां जे थेंब भूमीवर पडले त्यांतून लसूण उगवली. वाग्भटाच्या ग्रंथांतही हीच कथा राहूच्या नांवानें आली आहे. उपयोग अमृताचा, पण उगम दैत्याच्या देहांतून. म्हणून द्विज ती खात नाहींत, असा तिचा निष्कर्ष आहे. गुण आणि निषेध या दोहोंचेंही समाधान एकाच कथेंत करण्याची ही हातोटी पाहण्यासारखी आहे.

त्याच ग्रंथांत हिंवाळ्यांतील लसणीच्या उत्सवाचें वर्णन आहे: दारांवर, गच्चीवर, खिडक्यांवर लसणीच्या माळा लावाव्या आणि सेवकांनींही त्या धारण कराव्या. ब्राह्मणासाठीं तर एक पळवाटही सुचविली आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्यावांचून ठेवून नंतर गवतांत लसणीचीं देंठें मिसळून घालावीं. मग तिचें दूध, दहीं, तूप सेवन केलें असतां नियमही मोडत नाहीं आणि औषधही पोटांत जातें. पथ्य संभाळून गुण घेण्याची ही युक्ति वाचून आजच्या वाचकास हंसूं येईल. पण लसणीवांचून चालत नाहीं याची कबुली याहून स्पष्ट कोणती असणार? काश्यपसंहितेंतही लसणीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. नेपाळांत सांपडलेल्या हस्तलिखितावरून ती संहिता १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केली.

वैद्यांनीं तिला ‘रसोन’ असें नांव दिलें. सहा रसांपैकीं आंबट हा एक रस सोडून बाकीचे पांचही तिच्यांत आहेत, म्हणून एका रसानें ऊन, ती रसोन, अशी त्याची फोड करतात. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत या पांच रसांची वांटणी केली आहे: कंदांत तिखट, पानांत कडू, नाळेंत तुरट, नाळेच्या शेंड्यास खारट आणि बीजांत गोड. शास्त्रकारांनीं वनस्पतीचे भाग करून रस मोजले. पण एकाच कंदांतून तिखट, गोड आणि कडू असे तीन रस केवळ आंचेच्या जोरावर काढतां येतात, हा प्रयोग चुलीपाशीं रोज होत होता. कच्ची पाकळी तिखट, मंद भाजलेली गोड, करपलेली कडू. याची नोंद मात्र कोणी केली नाहीं.

महाराष्ट्रांत लसणीला मान दिला तो शेतकऱ्यानें आणि संतानें. तेराव्या शतकांतील अरणच्या सावता माळ्याच्या नांवावर असलेल्या प्रसिद्ध अभंगांत मळ्यांतील भाज्यांमध्यें विठ्ठल पाहिला आहे, आणि त्या पंक्तींत लसूणही बसली आहे. ज्या पदार्थापायीं माणसाला गांवाबाहेर घालवीत असत, तोच येथें देवाचें रूप झाला. तरीही पांढरपेशा घरांतून निषेध पुरता गेला नाहीं. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीस, कांदेनवमीस, भजीं-थालीपिठांचा बेत करून मन तृप्त करून घ्यावयाचें, हा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. विधवांच्या ताटांतून तर ती अनेक घरांत कायमची गेली.

येथें एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. जिला खाण्याची मनाई, तिनेंच घरांतील इतरांसाठीं लसूण परतावी, असें अनेक घरांत घडत आलें. तिनें ती चाखून पाहावयाची नव्हती. मग ती झाली हें तिला कसें कळावें? नाकानें, डोळ्यांनीं आणि कानांनीं. प्रथम उग्र वास उसळतो, मग तो मावळून गोडसर वास येऊं लागतो. पाकळीच्या कडा पिंवळसर होतात. तेलांतील चुरचुर जोरांत असते तोंवर पाकळींत पाणी आहे, आणि ती मंद पडली म्हणजे पाणी संपत आलें. ही शेवटची खूण फार महत्त्वाची. चुरचुर थांबण्याच्या आधीं जिचा हात कढईकडे गेला, तिची लसूण खरपूस झाली. जिचा नंतर गेला, तिची करपली. पुस्तकांत नसलेलें हें शास्त्र सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे, बहुधा शब्दांवांचूनच गेलें. ज्यांच्या हातीं तें होतें, त्यांपैकीं एकीचेंही नांव इतिहासाला ठाऊक नाहीं.

त्या खुणांमागील कारण उलगडण्यास रसायनशास्त्राला शंभरांवर वर्षें लागलीं. १८४४ सालीं थिओडोर व्हेर्टहाइम या ऑस्ट्रियन रसायनज्ञानें वाफेच्या साहाय्यानें लसणीचें तीव्र तेल काढलें, आणि वनस्पतीच्या लॅटिन नांवावरून त्यांतील घटकास ‘ॲलिल’ हें नांव दिलें. १९४४ सालीं अमेरिकेंत चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली यांनीं जंतुनाशक असें ‘ॲलिसिन’ हें द्रव्य वेगळें केलें. त्यानंतर लवकरच, १९४८ पासून पुढें, स्वित्झर्लंडमध्यें आर्थर श्टोल व एवाल्ड झेबेक यांच्या संशोधनानें खरें गुपित बाहेर आलें. अखंड पाकळींत हें तिखट द्रव्य नसतेंच. तेथें ‘ॲलिइन’ नांवाचें वासहीन द्रव्य असतें, आणि त्याच्यापासून निराळ्या ठेवलेल्या कप्प्यांत एक पाचक द्रव्य असतें. पाकळी चिरली किंवा ठेंचली कीं मधल्या भिंती फुटतात, दोघांची गांठ पडते, आणि क्षणांत तिखटपणा जन्मास येतो. तें पाचक द्रव्य उष्णतेपुढें टिकत नाहीं. म्हणून अखंड पाकळी सालीसकट भाजली असतां तिखटपणा जन्मण्यापूर्वींच त्याचें मूळ नाहींसें होतें. आणि ठेंचून मग फोडणींत घातलेली लसूण भाजूनही आपला झणका राखून ठेवते. वरवंट्याखालीं ठेंचावी कीं अखंड ठेवावी, हा निवड करणारा हात नकळत रसायनच निवडीत होता.

गोडीचें कारणही असेंच आहे. लसणीच्या कोरड्या अंशांत सर्वांत मोठा वांटा फलशर्करेच्या जोडसांखळ्यांचा असतो. मंद आंचेवर दीर्घकाळ राहिल्यानें त्या सांखळ्या कांहीं प्रमाणांत तुटतात आणि गोडी मोकळी होते. पुढें खरपूसपणा येतो तो शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांच्या संयोगानें. ही क्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम मांडली. त्याहीपुढें आंच लागत राहिली तर पदार्थाचा कोळसा होऊं लागतो, आणि कडवटपणा येतो. आतां कांद्याहून लसूण लवकर कां करपते, हेंही कळतें. कांद्यांत शंभर भागांपैकीं ८५ हून अधिक भाग पाणी असतें. लसणींत तें ६० ते ६५ च्या आसपास, आणि पाकळीही लहान. जोंवर पाणी आहे तोंवर पदार्थाची उष्णता १०० अंश सेंटिग्रेडच्या फार वर चढत नाहीं. पाणी आटलें कीं ती झपाट्यानें वाढते. तेलाची चुरचुर मंदावणें म्हणजे हा पहारेकरी निघून जाणें. चाखण्यास बंदी असलेल्या त्या गृहिणीच्या कानाला जें कळत होतें, तेंच येथें आंकड्यांत सांगितलें आहे.

काळेपणा म्हणजेच करपणें नव्हे, याचाही दाखला लसूणच देते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कोरिया व जपान या देशांतून जी ‘काळी लसूण’ प्रसिद्धीस आली, ती ६० ते ८० अंशांच्या दमट उष्णतेंत कित्येक आठवडे ठेवून तयार करतात. ती काजळासारखी काळी होते, पण चव चिंचेच्या गोळीसारखी आंबटगोड. आंच हळू असली म्हणजे रंग कितीही गडद होवो, कडूपणा येत नाहीं.

या साऱ्याचें सार घरांत कसें उपयोगी पडतें, तें पाहावें. चुलीच्या काळीं सर्वांत उत्तम भट्टी म्हणजे निखारे बाजूस सारल्यावर उरलेला फुफाटा. आगींतून निघून फुफाट्यांत पडणें ही म्हण माणसाच्या संकटाची आहे. लसणीच्या दृष्टीनें मात्र आगींतून फुफाट्यांत जाणें हेंच कल्याणाचें. अखंड गड्डा सालीसकट त्यांत पुरला कीं सालीचे थर आंतील ओल राखतात, आणि अर्ध्या-पाऊण तासानें पाकळी लोण्यासारखी मऊ होते. आजच्या घरांत चूल नाहीं. तेथें हेंच काम विजेच्या भट्टींत होतें. गड्ड्याचा शेंडा थोडा छाटावा, तेलाचे चार थेंब सोडावे, झांकून १८० अंशांवर सुमारें ४० मिनिटें ठेवावा. तव्यावर करावयाचें तर पाकळ्या सोलूं नयेत, तवा जाड घ्यावा, आंच मंद ठेवावी आणि पाकळ्या फिरवीत राहावें.

फोडणीचें तंत्र याहून नाजूक. मोहरी तडतडण्यास तेल चांगलें तापावें लागतें. तेंच तेल लसणीस अति होतें. म्हणून मोहरी फुटल्यावर आंच कमी करून मग लसूण घालावी. काप सारखे असावे. एक जाड व एक पातळ असेल, तर जाडाची वाट पाहतां पाहतां पातळ करपतो. केवळ लसणीचेच काप तळावयाचे तर ते थंड तेलांत घालून तेल त्यांच्यासह तापवावें. हवा तो रंग येण्याच्या किंचित आधींच काढावे, कारण तापलेलें तेल आंच बंद झाल्यावरही आपलें काम करीत राहतें. फोडणींत लसूण बदामी होतांच पिठल्याचें पाणी किंवा आमटीची डाळ ओतण्याची रीत आहे, तींतही मर्म आहे: गेलेला पहारेकरी पाण्याच्या रूपानें परत बोलावून आणला जातो. आणि एवढें करूनही पाकळ्या काळ्या पडल्याच, तर त्या तेलास मसाल्यानें झांकूं पाहणें व्यर्थ आहे. कडूपणा तेलांत उतरलेला असतो. तें टाकून नव्यानें फोडणी करावी.

एक सावधगिरी मात्र जुन्या घरांना ठाऊक नव्हती, कारण तशी रीतच येथें नव्हती. लसूण नुसत्या तेलांत बुडवून बाहेर ठेवणें धोक्याचें आहे. १९८५ सालीं कॅनडांतील व्हँकुव्हर येथें तेलांत ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळें ३६ जणांना बोट्युलिझम नांवाची गंभीर विषबाधा झाली. तेलाखालीं हवा नसते, लसणींत आंबटपणा फारसा नसतो, आणि अशाच जागीं तो जंतु वाढतो; भाजल्यानेंही त्याचीं बीजें मरतात असें नाहीं. म्हणून तेलांतील भाजलेली लसूण शीतकपाटांत ठेवून थोड्या दिवसांत संपवावी. लोणच्यांत मीठ आणि लिंबाचा रस भरपूर घालण्याच्या आपल्याकडील पद्धतींत हें संकट सहसा येत नाहीं. वैद्यांनीं जो एक रस लसणींत उणा सांगितला, तो आंबट रस लोणचें घालणाऱ्या हातानें बाहेरून आणून दिला होता.

लसणीचा इतिहास असा दोन वह्यांत लिहिला गेला आहे. एक वही स्मृतिकारांची, प्रवाशांची, वैद्यांची आणि रसायनज्ञांची. तिच्यांत नांवें आहेत, सनावळ्या आहेत. दुसरी वही कोरीच दिसते, कारण ती वासाची, रंगाची आणि चुरचुरीची आहे. पहिली ग्रंथालयांत सुरक्षित आहे. दुसरी एका पिढीनें शिकविली नाहीं तर पुढच्या पिढीस नुसतें ‘बदामी होईपर्यंत परतावें’ एवढें वाक्य उरेल, आणि बदामी म्हणजे नेमकें केव्हां, हें सांगणारें कोणी उरणार नाहीं. ज्या घरांत अजून एखादी म्हातारी पाठमोरी बसून, कढईकडे न पाहतां, ‘आतां उतर’ असें म्हणते, त्या घरांतील मुलानें आणि मुलीनें दोन मिनिटें तिच्यापाशीं थांबून कान द्यावा. ती लसणीचा आवाज ऐकत असते.